येरुशलायिम : एका नगरनामाचे व्याकरण

हिब्रू धर्मग्रंथात सहाशेंहून अधिक वेळा येणारे एक नगरनाम लिहिले जाते एका रीतीने आणि वाचले जाते दुसऱ्या रीतीने. लेखनात त्याची सहा अक्षरे आहेत : योद, रेश, वाव, शिन, लामेद आणि मेम. यांतील वाव येथे ‘उ’ या स्वराचे काम करतो. या सहा अक्षरांवरून नाव सरळ वाचले, तर ते ‘येरुशलेम’ असे किंवा त्याच्या अगदी जवळचे व्हावे. परंतु सिनेगॉगमध्ये ग्रंथाचे पठण करणारा ‘येरुशलायिम’ असे म्हणतो. लामेद आणि मेम यांच्यामध्ये तो एक ‘य’ उच्चारतो, आणि हा ‘य’ समोरच्या पोथीत बहुतेक ठिकाणी लिहिलेलाच नसतो.

फरक एका अक्षराचा आहे. परंतु त्यामुळे नावाचे व्याकरण बदलते. ‘-आयिम’ हा हिब्रूत द्विवचनाचा प्रत्यय आहे. ‘याद’ म्हणजे हात आणि ‘यादायिम’ म्हणजे दोन हात. ‘रेगेल’ म्हणजे पाय आणि ‘रगलायिम’ म्हणजे दोन पाय. या नियमाने पाहिले, तर ‘येरुशलायिम’ हे द्विवचनी नाव ठरते. नगर तर एकच आहे. मग दोन काय? हा प्रश्न भाष्यकारांना पडला, धर्मोपदेशकांना पडला आणि आधुनिक भाषाभ्यासकांनाही पडला. प्रत्येकाने त्याचे वेगळे उत्तर दिले. ज्या नगराच्या स्वामित्वाचा वाद आजही मिटलेला नाही, त्याच्या नावाचा अर्थही वेळोवेळी पुराव्यासारखा पुढे केला गेला आहे. त्यामुळे या नावात मुळातले काय आणि मागाहून आलेले काय, याचा उलगडा करणे हा केवळ शब्दकोशाचा विषय राहत नाही.

संस्कृताशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला द्विवचन नवे नाही. संस्कृतात नाम, सर्वनाम, विशेषण आणि क्रियापद या सर्वांना द्विवचन आहे. प्राकृतांत ते लोपले आणि म्हणून मराठीतही ते आले नाही. हिब्रूतील द्विवचनाची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. तेथे क्रियापदाला द्विवचन नाही, विशेषणालाही नाही. नामांतही ते मर्यादित आहे. हात, पाय, डोळे, कान असे जोडीने असणारे अवयव. जोडे, तराजू, चिमटा अशा दोन अंगांच्या वस्तू. दोन दिवस, दोन वर्षे अशी कालमाने. दोनशे आणि दोन हजार या संख्या. एवढ्यांपुरतेच ते मुख्यतः आढळते. शिवाय द्विवचनासारखे दिसणारे प्रत्येक रूप द्विवचन असतेच असे नाही. ‘मायिम’ म्हणजे पाणी आणि ‘शामायिम’ म्हणजे आकाश. या दोहोंचा शेवट ‘-आयिम’ असाच होतो. तथापि तेथे दोन पाणी किंवा दोन आकाशे अभिप्रेत नाहीत. ती मूळची अनेकवचनी रूपे असून धातूच्या दुर्बल घडणीमुळे त्यांना हे स्वरूप आले आहे.

स्थलनामांत तर ही सावधगिरी अधिकच आवश्यक ठरते. इजिप्तचे हिब्रू नाव ‘मित्सरायिम’ आहे. वरचा इजिप्त आणि खालचा इजिप्त अशा दोन प्रदेशांवरून हे द्विवचन आले, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. परंतु अक्कदी आणि अरबी या भगिनीभाषांत त्याच देशाचे नाव ‘मुस्री’, ‘मिस्र’ अशा रूपांत आढळते व त्यांत द्वित्वाची खूण नाही. याहून बोलका पुरावा हिब्रू ग्रंथातच आहे. उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायात योसेफ आपल्या भावांना शोधत ज्या गावी जातो, त्याचे नाव एकाच वचनात एकदा ‘दोथायन’ आणि एकदा ‘दोथान’ असे येते. नफताली वंशाच्या प्रदेशातील एक गाव यहोशवाच्या पुस्तकात ‘कर्तान’ आहे. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात तेच ‘किर्यातायिम’ होते. तामारेच्या कथेतील ‘एनायिम’ आणि यहोशवाच्या यादीतील ‘एनाम’ हे एकच गाव मानले जाते. उत्तरेकडील राज्याची राजधानी हिब्रूत ‘शोम्रोन’, तर एज्राच्या पुस्तकातील अरामी भागात ‘शाम्रायिन’ आहे. गाव तेच आणि नाव तेच. केवळ शेवट कधी ‘-आन’, ‘-आम’ असा, तर कधी ‘-आयिन’, ‘-आयिम’ असा होतो. यावरून हिब्रूच्या व्याकरणकारांनी असा निष्कर्ष काढला की, यांपैकी कित्येक नावांत ‘-आयिम’ हा संख्यावाचक प्रत्यय नसून स्थलनामांना लागणारा एक शेवट आहे. विल्हेल्म गेझेनिउस (१७८६–१८४२) याच्या व्याकरणाची जी सुधारित आवृत्ती एमिल काउट्श याने तयार केली, तिच्यातही हाच विचार मांडलेला आहे. तो सर्व नावांना लागू पडेलच असे नाही. ‘महनायिम’ या नावाचा ‘दोन छावण्या’ असा अर्थ उत्पत्तीच्या कथेलाच अभिप्रेत दिसतो. परंतु केवळ शेवटावरून ‘दोन’ असे अनुमान करता येत नाही, एवढे मात्र निश्चित होते.

येरुशलायिमच्या बाबतीत वाक्यरचनाही हेच सांगते. मीखा संदेष्ट्याने या नगराच्या नाशाचे भविष्य वर्तवले होते. पुढे यिर्मयावर प्राणसंकट आले, तेव्हा देशाच्या वडीलधाऱ्यांनी मीखाच्या त्याच वचनाचा आधार घेतला, आणि म्हणून ते वचन यिर्मयाच्या सव्विसाव्या अध्यायात पुन्हा आले. एकच वचन दोन ग्रंथांत असल्यामुळे तुलना सोपी होते. मीखाच्या पोथीत नगराचे नाव योदाशिवाय, म्हणजे सहा अक्षरांत आहे; यिर्मयाच्या पोथीत त्यात सातवे अक्षर, योद, आलेले आहे. नगराचे ढिगारे होतील असे म्हणताना क्रियापद मात्र दोन्हीकडे स्त्रीलिंगी एकवचनीच आहे. विलापगीतात पापाची कबुली देणारी आणि एकाकी बसलेली नगरीही एकच स्त्री आहे. नाव द्विवचनी दिसत असले, तरी ग्रंथाने या नगराचा विचार दोन म्हणून कधी केलेला नाही.

योदासह लिहिलेले रूप मासोराच्या संहितेत अवघ्या पाच ठिकाणी आढळते : यिर्मयाचे हे वचन, एस्तेरचे पुस्तक, इतिहासाचे पहिले पुस्तक आणि दोनदा इतिहासाचे दुसरे पुस्तक. यांतील चार उदाहरणे एस्तेर आणि इतिहास या उत्तरकालीन ग्रंथांतील आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बाकी सर्वत्र जुने लेखन आणि नवा उच्चार असा जोड आहे. तो कसा टिकला, हे समजण्यासाठी मासोरेत म्हणवल्या जाणाऱ्या पाठरक्षकांची पद्धत पाहावी लागते. हिब्रू लिपी मुळात व्यंजनांची. स्वरचिन्हांची पद्धत या विद्वानांनी इ. स. च्या सातव्या ते दहाव्या शतकांत, विशेषतः तिबेरिया येथे, परिपूर्ण केली. परंपरेने आलेल्या संहितेतील एकही व्यंजन बदलायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. परंपरेने आलेला उच्चारही सोडायचा नव्हता. म्हणून लिहिलेले एक आणि वाचायचे दुसरे असेल, तेथे लिखित व्यंजने तशीच ठेवून त्यांना वाचनाचे स्वर लावले जात. येरुशलायिमच्या बाबतीत ‘आ’ आणि ‘इ’ असे दोन स्वर एकट्या लामेदाच्या आश्रयाने दाटीवाटीने बसवले गेले. मधला ‘य’ वाचकाने स्वतः पुरवायचा. हे इतक्या वेळा घडते की, समासात तशी टीपही दिली जात नाही. नित्यपाठ म्हणून ते गृहीतच धरले जाते. इ. स. १००८ ची जी संपूर्ण हस्तलिखित प्रत आज लेनिनग्राड कोडेक्स या नावाने ओळखली जाते, तिच्यातही हीच व्यवस्था आहे. जुने पुसून नवे लिहिणे या विद्वानांना सहज शक्य होते. त्यांनी ते केले नाही, आणि म्हणूनच या नावाचा इतिहास आज वाचता येतो.

जुना उच्चार ‘-लेम’ असाच होता, याला अन्य साक्षीही आहेत. ग्रंथातील अरामी भागांत, म्हणजे दानीएल आणि एज्रा यांच्या काही अध्यायांत, नाव ‘येरुशलेम’ असेच वाचले जाते. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून हिब्रू ग्रंथांचे जे ग्रीक भाषांतर होऊ लागले, त्याच्या कर्त्यांनी ‘येरुसालेम’ असे लिहिले. त्यांच्या कानी ‘-आयिम’ असते, तर त्याचा माग ग्रीक अक्षरांत राहिला असता. शिलालेख आणि मुद्रा यांचाही कल असाच आहे. यहूदाच्या टेकड्यांतील खिर्बत बेत लेई येथील थडग्याच्या भिंतीवर इ. स. १९६१ मध्ये सापडलेल्या प्राचीन कोरीव लेखात, तसेच हस्मोनी काळातील घागरींच्या मुठींवरील पंचकोनी ताऱ्याच्या ठशांत, नाव योदाशिवाय आहे. मृत समुद्राकाठी इ. स. १९४७ मध्ये सापडलेल्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीत मात्र दोन्ही लेखनरूपे आढळतात. इ. स. २०१८ मध्ये दुसऱ्या मंदिराच्या काळातील एका दगडी स्तंभखंडावरील लेख प्रसिद्ध करण्यात आला. त्यात एका माणसाचे, त्याच्या पित्याचे आणि त्याच्या गावाचे नाव आहे, आणि ते गाव सात अक्षरांत, योदासह, ‘येरुशलायिम’ असे कोरलेले आहे.

या स्थित्यंतराचा सर्वांत ठळक पुरावा नाण्यांवर दिसतो. इ. स. ६६ मध्ये यहुद्यांनी रोमविरुद्ध बंड पुकारले आणि स्वतःची चांदीची नाणी पाडली. पहिल्या वर्षाच्या शेकेलवर ‘पवित्र येरुशलेम’ अशा अर्थाची अक्षरे आहेत. त्यांत नावाला योद नाही. दुसऱ्या वर्षापासूनच्या नाण्यांवर योद आला, आणि ‘पवित्र’ या विशेषणामागे निश्चयवाचक उपपदही आले. टांकसाळीने एका वर्षात आपली वर्णपद्धती बदलली. जुने, ग्रंथातल्यासारखे लेखन आणि लोकांच्या तोंडी असलेले रूप ही दोन्ही त्या पिढीला परिचित होती, हे यावरून दिसते. पुढे अवघ्या काही वर्षांत, इ. स. ७० मध्ये, नगर आणि मंदिर दोन्ही उद्ध्वस्त झाली. ‘-आयिम’ हा शेवट, तेव्हा, पर्शियन काळापासून हळूहळू डोकावणारा आणि दुसऱ्या मंदिराच्या अखेरीस स्थिरावलेला आहे. नावाच्या जन्माशी त्याचा संबंध नाही.

जन्माचा शोध घ्यायचा, तर बराच मागे, हिब्रू ग्रंथाच्याही अलीकडे न थांबता, जावे लागते. इजिप्तच्या मध्य राज्यकाळात शत्रूंची नावे मातीच्या भांड्यांवर वा मूर्तींवर लिहून ती शापविधीने फोडण्याची प्रथा होती. कुर्ट झेटे याने इ. स. १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा लेखांत एक नगरनाम आहे, ते बहुतेक अभ्यासक ‘रुशलिमुम’ असे वाचतात आणि याच नगराचे मानतात. हे लेख इ. स. पू. एकोणिसाव्या-अठराव्या शतकांच्या सुमाराचे आहेत. यानंतरचा पुरावा अधिक स्पष्ट आहे. इ. स. १८८७ मध्ये इजिप्तमधील तेल अल-अमार्ना येथे अक्कदी भाषेतील मृत्फलकांचा मोठा पत्रसंग्रह उजेडात आला. इ. स. पू. चौदाव्या शतकातील या संग्रहात ‘उरुसालिम’च्या अब्दी-हेबा नावाच्या शासकाची पत्रे आहेत. शत्रू चालून येत आहेत, धनुर्धारी सैन्य पाठवावे, अशी विनवणी तो फारोला करतो. ज्या नावात पुढच्या काळाने ‘शांती’ ऐकली, ते नाव इतिहासात स्वच्छ वाचता येते ते प्रथम अशा पत्रांत. इ. स. पू. ७०१ च्या स्वारीचे वर्णन करणाऱ्या सन्हेरीबाच्या असीरी लेखांत ते ‘उर्सलिम्मु’ असे आहे.

अमार्नाच्या ‘उरुसालिम’ या रूपामुळे एक मोहक गैरसमज निर्माण झाला. सुमेरी भाषेत ‘उरु’ म्हणजे नगर. म्हणून उरुसालिम म्हणजे ‘सालिमचे नगर’, अशी व्युत्पत्ती पूर्वी मांडली गेली. परंतु मेसोपोटेमियाच्या लेखनात नगराच्या नावाआधी नगरवाचक चिन्ह लिहिण्याचा संकेत होता, आणि या पत्रांत ते चिन्ह नावाआधी स्वतंत्रपणे आलेले आहे. त्यानंतर जो ‘उ-रु’ येतो, तो नावाचाच अंश होय. हिब्रूतील ‘येरु-’ त्याच्याशी जुळतो. हा अंश ‘याराह’ या धातूशी जोडला जातो. या धातूचा अर्थ फेकणे, बाण सोडणे असा आहे. पण पाया घालणे, उभारणे असाही आहे. ईयोबच्या ग्रंथात पृथ्वीची कोनशिला बसवण्याच्या संदर्भात हाच धातू वापरला आहे. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकातील ‘येरुएल’ या स्थलनामाची घडणही अशीच आहे. तेथे ‘येरु’ला ‘एल’ हे देवाचे नाव जोडले आहे. याच न्यायाने ‘येरु-शालेम’ मधील दुसरा भागही देवाचे नाव असावा, हे मत आज सर्वाधिक मान्य आहे.

हा शालेम कोण, याचे उत्तर सिरियाच्या किनाऱ्यावरील रास शमरा, म्हणजेच प्राचीन उगारित, येथे मिळाले. इ. स. १९२९ पासून तेथे झालेल्या उत्खननात सापडलेल्या फलकांवर शहर आणि शालिम या जुळ्या देवांच्या जन्माची कथा आहे. शहर म्हणजे पहाट आणि शालिम म्हणजे सांज. ‘श-ल-म’ या धातूचा मूळ भाव पूर्ण होणे हा आहे. दिवस पुरा होतो ती सांज. हिशेब पुरा होतो ती फेड. उणीव उरत नाही ते क्षेम, आणि त्यातूनच शांती. हिब्रू ‘शालोम’ आणि अरबी ‘सलाम’ हे याच धातूचे शब्द होत. म्हणून ‘शांतीचे नगर’ हा अर्थ अगदी निराधार नाही, परंतु तो मूळचाही नाही. मूळचा अर्थ ‘शालेम देवाने स्थापिलेले’ किंवा ‘शालेमचे अधिष्ठान’ असा काहीतरी असावा.

या व्युत्पत्तीतून एक गोष्ट निष्पन्न होते, आणि तीच अनेकांना अडचणीची वाटत आली आहे. नगराचे नाव दाविदाच्या आधीचे आहे. इस्राएलाच्याही आधीचे आहे. पश्चिम सेमिटिक सांजदेवतेच्या नावाचे हे नगर, आणि त्याच्या ज्या शासकाची पत्रे प्रथम हाती येतात, त्या अब्दी-हेबाच्या नावाचा अर्थ ‘हेबाचा सेवक’. हेबा ही हुर्री लोकांची देवी. हिब्रू ग्रंथानेही हे परकेपण लपवलेले नाही. तोराच्या पाच पुस्तकांत ‘येरुशलेम’ हे नाव एकदाही येत नाही. तेथे केवळ ‘शालेम’ आहे आणि त्याचा राजा मलकीसदेक आहे, जो अब्राहामाचा वंशज नव्हे. शास्ते आणि इतिहास यांच्या पुस्तकांत नगराला ‘यबूस’ असे जुने नाव असल्याचे म्हटले आहे. अमार्नाची पत्रे पाहता ‘येरुशलेम’ हे नावही तितकेच, किंबहुना अधिक, प्राचीन ठरते. यहेज्केल तर या नगरीला तिचा बाप अमोरी आणि आई हित्ती असल्याचे कठोर शब्दांत ऐकवतो. नगर जिंकले गेले, राजधानी झाले, पवित्र झाले. नाव मात्र जुन्या रहिवाशांचेच राहिले.

नाव राहिले, तरी त्यातला देव विसरला गेला. त्या रिकाम्या जागी पुढच्या प्रत्येक पिढीने आपला अर्थ ठेवला. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो याने नावाचा अर्थ ‘शांतीचे दर्शन’ असा केला. इब्री लोकांस पाठवलेल्या पत्रात शालेमचा राजा म्हणजे शांतीचा राजा, असे विवरण आहे. ‘बेरेशीथ रब्बा’ या मिद्राशातील कथा या सर्वांत मार्मिक आहे. अब्राहामाने त्या स्थळाला ‘यिरे’ म्हटले होते आणि शेमाने, म्हणजे परंपरेने ज्याला मलकीसदेक मानले त्याने, ‘शालेम’. एकाचे नाव ठेवावे तर दुसऱ्यावर अन्याय होईल. म्हणून देवाने दोन्ही नावे जोडून ‘यिरे-शालेम’ केले. व्युत्पत्ती म्हणून हे टिकणारे नाही. परंतु एका स्थळावर दोघांनी ठेवलेल्या नावांपैकी कोणाचेही खोडू नये, ही त्या कथाकाराची जाण भाषाशास्त्राच्या कसोटीवर पारखण्याची वस्तू नव्हे.

द्विवचनालाही असेच अर्थ लाभले. नगर दोन टेकड्यांवर वसले होते. योसेफसच्या काळात त्याचा वरचा आणि खालचा असे भाग होते. म्हणून द्विवचन, असे भूगोलाच्या आधाराने म्हटले गेले. धर्मचिंतकांना तेवढे पुरेसे वाटले नाही. मंदिर पडल्यानंतर पृथ्वीवरील नगर भग्न होते, आणि म्हणून स्वर्गातील नगराचा विचार बळावला. तालमुदात रब्बी योहानान याच्या नावे असे वचन आहे की, खालच्या येरुशलायिममध्ये प्रवेश केल्यावाचून देव वरच्या येरुशलायिममध्ये प्रवेश करणार नाही. पौलानेही गलतीकरांस लिहिताना आताचे आणि वरचे अशा दोन नगरींचा भेद केला होता. पण तो ग्रीकमध्ये, ‘-लेम’ हे रूप योजून. यावरून दोन येरुशलेमांची कल्पना द्विवचनाच्या प्रत्ययातून जन्मली नाही, हे उघड होते. कल्पना स्वतंत्रपणे वाढली. प्रत्यय स्वतंत्रपणे रुळला. आणि मग दोहोंची गाठ पडली.

भाषा बदलली की नावाचे वचन बदलते, याचे आणखी एक उदाहरण ग्रीकांनी दिले. ‘येरुसालेम’ या परक्या आणि न चालणाऱ्या रूपाबरोबरच त्यांनी ‘हिएरोसोलुमा’ असे आपल्या कानाला मानवणारे रूप घडवले. त्याच्या आरंभी ‘हिएरोस’, म्हणजे पवित्र, हा ग्रीक शब्द ऐकू येतो, आणि त्याचे व्याकरण आहे नपुंसकलिंगी अनेकवचनाचे. मूळ नगर एक, हिब्रू नावात ते दोन, ग्रीक नावात अनेक. योसेफसने या रूपालाही इतिहास दिला : नगर आधी ‘सोलुमा’ होते, मलकीसदेकाने तेथे देवस्थान उभारल्यावर ते ‘हिएरोसोलुमा’ झाले. पुढे रोमन सम्राट हेड्रियन याने इ. स. च्या दुसऱ्या शतकात नगराला ‘एलिया कापितोलिना’ असे नाव दिले, आणि आरंभीच्या अरबी लेखनात ते ‘इलिया’ या रूपात उतरले. नंतर ‘बैत अल-मक्दिस’ आणि ‘अल-कुद्स’ ही अरबी नावे रूढ झाली. बंडखोरांच्या नाण्यावर जे विशेषण नावाला जोडलेले होते, त्याच ‘क-द-श’ या धातूपासून हे नवे नाव घडले आहे. एका भाषेतील विशेषणाची जागा दुसऱ्या भाषेत विशेषनामाने घेतली.

एकवचनी स्थळाला अन्य वचनाचे नाव का, हा प्रश्न भारतीय व्याकरणालाही पडलेला होता. पंचाल हा एक जनपद. पण संस्कृतात त्याचे नाव ‘पञ्चालाः’ असे बहुवचनात चालते, कारण ते तेथील क्षत्रियांचे नाव. वरण वृक्षांच्या जवळ वसलेले एक नगर. त्याचे नाव ‘वरणाः’. नगर एक, नाव बहुवचनी. अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात पाणिनीने आधी या वचनाचा नियम सांगितला आहे, आणि लगेच पुढे असा नियम शिकवण्याची गरजच नाही, असेही म्हटले आहे. त्याची कारणमीमांसा अशी की, संज्ञा ही लोकव्यवहारानेच प्रमाण असते. तिचे प्रामाण्य व्युत्पत्तीवर अवलंबून असते, तर व्युत्पत्तीतला संबंध नाहीसा होताच ती संज्ञाही वापरातून गेली असती. पंचाल क्षत्रिय उरले नाहीत, तरी पंचाल देश उरतोच. वरणाची झाडे तोडली गेली, म्हणून नगराचे नाव बदलत नाही. हा विचार हिब्रू नावाला तंतोतंत लागू पडतो. शालेम देवाची पूजा केव्हाच संपली. नाव चालू राहिले. दोन असे काही नव्हते; तरी द्विवचनासारखे रूप रुळले आणि प्रमाण झाले. नावाचा मूळ अर्थ शोधणे हे इतिहासाचे काम आहे. नाव आज कशाचे वाचक आहे, हे त्याचे बोलणारे ठरवतात.

मराठीतही या नावाच्या दोन्ही परंपरा येऊन मिळाल्या आहेत. बायबलच्या मराठी भाषांतरांनी रूढ केलेले ‘यरुशलेम’ हे रूप ‘-लेम’ या शेवटाचे, म्हणजे जुन्या उच्चाराच्या वळणाचे आहे. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या आणि घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाच्या हिब्रू प्रार्थनेत मात्र ‘येरुशलायिम’ आहे. वल्हांडणाच्या रात्री वाचल्या जाणाऱ्या हग्गादाची मराठी भाषांतरासह आवृत्ती पुण्यात इ. स. १८७४ मध्ये छापली गेली. तिच्या अखेरीस पुढील वर्षी त्या नगरीत असण्याची परंपरागत आशा येते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि त्यांच्या निधनानंतर, इ. स. १९२४ मध्ये, ते संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. मराठी वाचक एकाच नगराला ज्या दोन नावांनी ओळखतो, त्यांच्यातील अंतर हे हिब्रूच्याच दोन काळांमधील अंतर आहे.

व्युत्पत्तीला स्वामित्वाचे दानपत्र मानण्याचा मोह प्रत्येक प्राचीन नगराच्या बाबतीत होतो. येरुशलायिमच्या बाबतीत तो विशेष आहे. परंतु या नावाचे व्याकरण तपासले असता त्यात कोणा एकाचे दानपत्र सापडत नाही. त्याचा पूर्वार्ध पाया घालणाऱ्या अनाम लोकांचा. उत्तरार्ध पूजा थांबलेल्या एका सांजदेवतेचा. शेवट दुसऱ्या मंदिराच्या काळातील बोलणाऱ्यांचा. त्यातील शांती तिच्या अभावी तिची आस धरणाऱ्यांची. पाठरक्षकांनी यांतील कोणाचाच हक्क नाकारला नाही. लिहिताना त्यांनी जुने जपले, वाचताना नवे जपले, आणि दोहोंमध्ये उरलेला ‘य’ वाचकाच्या उच्चारावर सोपवला.